त्रिकोण तरी दाखवा : जुन्या गुन्हेगारीपटांचे मालक आणि ओटीटी चालकांना खुले पत्र

प्रति,
टोळीयुद्ध आणि गुन्हेगारीवरच्या जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते सर्व निर्माते आणि वितरक,
तसेच हे चित्रपट घरोघरी दाखवणाऱ्या ओटीटी मंचांचे चालक

स. न. वि. वि.

मी १९८६ पासून २०१२ पर्यंत इचलकरंजीच्या एका थिएटरात ऑपरेटर होतो. तुम्ही काढलेला चित्रपट पडद्यापर्यंत पोचवायचं शेवटचं काम माझ्याकडे असायचं. तुमची-माझी कधी गाठ पडलेली नाही, पण तुमच्या पत्र्याच्या पेट्या एस.टी.च्या टपावरून मी उतरवून घेतल्यात, तुटलेली फिल्म सांधलीय, रीळ संपत आलं की दुसऱ्या मशीनवर हात ठेवून पडद्याच्या कोपऱ्यातला तो गोल ठिपका दिसायची वाट बघत उभा राहिलोय. हे चित्रपट आज कापून दाखवले जातात त्याबद्दल, तेवढ्या नात्यानं, हे पत्र लिहितो आहे. ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितो आहे.

कारण घडलं ते असं. दिवाळीत पुतण्याचा मुलगा आला होता. इंजिनिअरिंगला आहे, सिनेमाचं वेड आहे. म्हणाला, "आजोबा, तुमचा सगळ्यात आवडता गँगस्टर पिक्चर लावा, आज तोच बघू." त्यानंच टीव्हीवर शोधून लावला. चित्रपटाचं नाव लिहीत नाही, कारण दोष चित्रपटाचा नाही. मंचाचंही लिहीत नाही, कारण नंतर मी आणखी तीन ठिकाणी वेगवेगळे चित्रपट लावून पाहिले आणि कमी-जास्त प्रमाणात तोच प्रकार आढळला.

पहिल्या दहा मिनिटांतच मला काहीतरी खटकायला लागलं. माणसं जरा घाईत बोलत होती. आवाज किंचित चढा होता. पुढं एक प्रसंग आहे. लांब टेबल, दोन टोकांना दोन माणसं. एक बोलतोय, दुसरा नुसता ऐकतोय, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून आपल्याला कळतं की बोलणाऱ्याचं मरण आत्ता ठरलं. टीव्हीवर त्या ऐकणाऱ्याचा अर्धा चेहरा चौकटीच्या बाहेर गेला होता. उरलेल्या अर्ध्यात काहीच कळत नव्हतं. आणखी पाऊण तासानं तो खून येतो. पिस्तूल बाहेर निघालं, आणि लगेच पुढच्या दृश्यात एक बाई रडत होती. मधलं काहीच नाही.

पोरगं म्हणालं, "आजोबा, कोण मेलं?"

मी टीव्ही बंद केला आणि माळ्यावरनं माझी वही काढली.

त्या वहीविषयी सांगतो. थिएटरात आलेल्या प्रत्येक प्रिंटची नोंद मी त्यात करायचो. चित्रपटाचं नाव, रिळं किती, सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर लिहिलेली लांबी, प्रिंटची अवस्था, कुठल्या रिळात किती सांधे. मालकांनी सांगितलेलं नव्हतं, माझी सवय होती. परत जाताना प्रिंट कमी भरली तर पैसे आमच्या पगारातून कापायचे, म्हणून सुरू केली आणि मग लागलीच ती. त्या चित्रपटासमोर लिहिलंय : १६ रिळं, ४,३८९ मीटर. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट, साधारण २७.४ मीटर. भागाकार केला की बरोबर १६० मिनिटं निघतात. मंचावर चित्रपटाची वेळ दिली होती २ तास १६ मिनिटं.

चोवीस मिनिटांचा हा फरक सगळाच कात्रीचा नव्हता, हे इमानानं सांगायला हवं. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत सेकंदाला २५ चौकटींची. चोवीसची फिल्म पंचविसावर पळवली की १६० मिनिटांचा चित्रपट १५४ मिनिटांच्या आत संपतो, आणि बोलण्याचा, गाण्याचा, पार्श्वसंगीताचा सूर वर जातो. मला जी घाई जाणवली ती हीच. तरीही हिशेबात सतरा-साडेसतरा मिनिटं कमीच पडतात. म्हणजे पावणेदोन रिळं. आमच्याकडे पावणेदोन रिळं गाळली असती तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. तुमच्याकडे कुणी विचारतही नाही, कारण गाळलेलं गाळलंय हे बघणाऱ्याला कळायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही.

आता माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार कात्रीची. 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्ही वाहिनीवर जसाच्या तसा दाखवता येत नाही. त्यासाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. टोळीयुद्धाचे बरेचसे चित्रपट 'ए', त्यामुळे सगळ्यात जास्त कात्री यांनाच लागली. घरगुती चित्रपट सुटले, हे सापडले. वाहिन्यांवर ते समजू शकतो, तिथं संध्याकाळी घरातली लहान पोरं बसलेली असतात. पण ओटीटीला तो नियम लागू नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या नियमांप्रमाणे तुम्हीच चित्रपटाला वयोगट द्यायचा असतो : यू, मग ७, १३ आणि १६ वर्षांवरचे तीन, आणि प्रौढांसाठी ए. मुलांना अडवायला कुलूप ठेवायचं. एवढं केलं की पूर्ण चित्रपट दाखवायला तुम्हाला मोकळीक आहे. तरीही तुम्ही प्रौढांची पाटी लावता आणि खाली टीव्हीसाठी कापलेली प्रत दाखवता. आणि हे सगळं, माझ्या समजुतीप्रमाणे, एवढ्याचसाठी की हक्क विकताना कपाटात जी फाइल हाताशी होती तीच दिली गेली आणि घेणाऱ्यानं ती उघडून शेवटपर्यंत पाहिली नाही. सिगारेटच्या दृश्यावर येणाऱ्या तंबाखूच्या इशाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तो कायदा आहे आणि त्यात चित्रपटाचा तुकडा पडत नाही.

कात्रीनं नेमकं काय जातं, याचा तुम्ही कधी विचार केलाय का? या चित्रपटांवर पहिल्यापासून आरोप आहे की ते पोरांना बिघडवतात, गुंडाला नायक करतात. मी सव्वीस वर्षं खिडकीतून पडदाही पाहिला आणि खालची माणसंही पाहिली. पिस्तूल निघालं की शिट्ट्या पडायच्या, हे खरं. पण गोळी लागून माणूस पडला, त्याची तडफड दिसली, त्याची आई पळत आली, की थिएटर गप्प व्हायचं. ती शांतता मी केबिनमधून ऐकलीय. मशीनची घरघर तेवढी उरायची. 'सत्या'मध्ये भिकू म्हात्रे मरतो तेव्हा असंच झालं होतं. ज्याच्या 'मुंबई का किंग कौन?' ला सगळं थिएटर उभं राहिलं होतं, तो बोलता बोलता एका क्षणात जातो, आणि पिटातल्या पोरांच्या तोंडून आवाज निघेना. तुमची टीव्हीची कात्री नेमकं हेच उचलते. पिस्तूल राहतं, जखम जाते. गाडी, सोन्याची साखळी, काळा चष्मा, डायलॉग सगळं राहतं, आणि त्याची किंमत काय मोजावी लागली ते जातं. तुम्ही चित्रपट सभ्य केला असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या मते तो जास्त वाईट केला.

हे चित्रपट माझ्यासाठी नुसती करमणूक नव्हती, म्हणून एवढं बोलतो. आमचं गाव यंत्रमागांचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. लालबाग-परळच्या चाळी सोडून गावाकडे परतलेली काही माणसं आमच्याकडे मागावर आली. ती रात्रपाळी सुटल्यावर दुपारच्या खेळाला यायची. 'वास्तव' लागला तेव्हा त्यातला एक जण मध्यंतरात केबिनच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "आमच्या चाळीतली दोन पोरं अशीच गेली." त्याच्यापुढं मी काय बोलणार? चहा दिला. संजय दत्तचा रघू आईला पन्नास तोळ्याची साखळी दाखवतो तेव्हा लोक हसायचे, आणि शेवटी त्याच आईच्या, रीमा लागूंच्या, हातात पिस्तूल येतं तेव्हा बाल्कनीतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. १९९९ चा चित्रपट, आमच्याकडे पुन:पुन्हा लागायचा. पुढं २०१० साली 'लालबाग परळ' आला. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरचा. तेव्हा पायरीवरचा तो माणूस हयात नव्हता. असता तर त्याला मी फुकट बसवलं असतं.

त्याच 'वास्तव'च्या वेळची एक गोष्ट माझ्यावरच आहे, ती लपवत नाही. एका रविवारी चारही खेळ भरलेले. रात्रीचा खेळ लवकर सुटला तर शेवटची एस.टी. लोकांना मिळेल आणि पुढच्या गावांतले प्रेक्षकही येतील, असं मालकांचं म्हणणं. त्यांनी सांगितलं, आठ-दहा मिनिटं कमी कर. मी घरातल्या प्रसंगांचे तुकडे काढून डब्यात ठेवले. मारामारी काढली तर लोक ओरडतील, घरातलं कुणाच्या लक्षात येणार, असा विचार केला. खेळ सुटल्यावर एक मागवाला जिना चढून वर आला. तो चित्रपट तिसऱ्यांदा बघत होता. म्हणाला, "मामा, आईचा त्यो तुकडा कुठं गेला वो?" भांडायला आला नव्हता. खरंच विचारत होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तुकडे परत जोडले आणि मालकांना सांगितलं, यापुढं माझ्या हातून हे होणार नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. तुकडे निदान माझ्या डब्यात होते, परत जोडता आले. तुम्ही काढलेले तुकडे कुठल्या डब्यात आहेत?

दुसरी तक्रार चौकटीची. आमच्याकडे दोन प्रकारच्या भिंगांचा वापर असायचा, फ्लॅट आणि स्कोप. स्कोपचा चित्रपट उंचीच्या सव्वादोन पटीहून जास्त रुंद असतो, २.३५ ला १. तुमच्या आजच्या टीव्हीचा पडदा १.७८ ला १. पूर्ण चित्र दाखवायचं तर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात. पट्ट्या नकोत म्हणून तुम्ही चित्र मोठं करून भरता, आणि त्यात दोन्ही बाजूंचं मिळून जवळजवळ चौथाई चित्र कापलं जातं. टीव्हीच्या जुन्या चौकोनी काचेसाठी केलेली प्रत असेल तर चाळीस टक्क्यांहून जास्त. टोळीच्या चित्रपटात माणसं कडेलाच उभी असतात हो! दारात उभा असलेला पहारेकरी, मागून येणारा शूटर, गर्दीत ओळख लपवून चाललेला माणूस. कॅमेरामननं त्याला कडेला ठेवलाय तो आपल्याला उशिरा दिसावा म्हणून. त्याला कापलंत तर तो दिसतच नाही, आणि गोळी कुठून आली ते कळत नाही. काळ्या पट्ट्यांची तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाला एका ओळीत समजावता येईल. आमच्या गावात न शिकलेल्या माणसांना स्कोप म्हणजे काय ते माहीत होतं, मग आज कळणार नाही असं का धरून चालता?

तिसरी तक्रार, दुसऱ्याच्या कामावर हात टाकण्याची. १९८९ चा 'परिंदा' घ्या. नाना पाटेकरांना त्यातल्या अण्णासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे सगळ्यांना आठवतं. त्याच चित्रपटाच्या संकलनासाठी रेणू सलुजांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे कमी जणांना आठवतं. १९८३ च्या 'अर्ध सत्य'चं संकलनही त्यांचंच. संकलन म्हणजे काय, हे ऑपरेटरला हातानं कळतं. एक दृश्य चार सेकंद जास्त का थांबलंय, कबुतरं उडाल्यावर लगेच का कापलंय, हे फिल्म बोटांतून जाताना समजतं. 'परिंदा'त लग्नाच्या रात्रीचा तो होडीवरचा प्रसंग आठवा. बाहेर आतषबाजी, आत दोन जीव. फटाके कुठले आणि गोळ्या कुठल्या, हे कळायच्या आत सगळं संपलेलं असतं. त्यात मोजून-मापून ठेवलेल्या तुकड्यांपैकी चार जरी कमी केले तरी ती रात्र मोडते. रेणू सलुजा २००० साली गेल्या. त्या आज भांडायला येऊ शकत नाहीत, म्हणून मी येतोय.

'अर्ध सत्य'बद्दलही थोडं. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. ओम पुरींचा वेलणकर आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी. मराठी साहित्याच्या अंगणात वाढलेला हा चित्रपट आहे. त्यातल्या कवितेतून चित्रपटाचं नाव आलंय. अशी शांत, बोलकी दृश्यंही 'लांबतात' म्हणून वेळेसाठी कापली जातात, हे मी दुसऱ्या चित्रपटांत पाहिलंय. हा निदान त्यातून वाचावा.

चौथी तक्रार भाषेची. शिवी आली की आवाज बंद करणं मला पटत नाही, पण ते बाजूला ठेवतो. मला जास्त लागतं ते खाली येणाऱ्या भाषांतराचं. हे चित्रपट हिंदी असले तरी त्यांच्या पोटात मुंबईची मराठी आहे. 'भाऊ' म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, तो एक हुद्दा आहे. 'सुपारी', 'हप्ता', 'पेटी', 'खोका', 'गेम करणं', या शब्दांना त्या जगात ठरलेले अर्थ आहेत. मी पाहिलेल्या एका प्रतीत 'सुपारी दिली' चं भाषांतर खायच्या सुपारीचं होतं. मराठी बोललं की काही ठिकाणी कंसात नुसतं 'मराठीत बोलतो' एवढंच लिहिलेलं. आई मुलाला जे शेवटचं सांगतेय ते मराठीत आहे आणि केरळातल्या, बंगालमधल्या, परदेशातल्या बघणाऱ्याला ते कळणारच नाही. अशा ठिकाणी त्या मुलखातला, ती बोली ऐकलेला एक माणूस बसवायला किती खर्च येतो?

पाचवी, आणि मला रात्री झोप न लागू देणारी. मूळ निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रिंटा काढतात ती फिल्म, आहेत कुठं? २०१२ च्या सुमारास आमच्याकडे मशीनं निघाली आणि डिजिटल आलं. त्या वर्षी मी गोदामातून प्रिंटा रद्दीवाल्याच्या टेंपोत भरताना पाहिल्या. किलोवर. वरून कुऱ्हाडीनं रिळांवर घाव घातले होते, पुन्हा कुणी चालवू नये म्हणून. त्यात कुठले चित्रपट होते ते मी वहीत लिहून ठेवलंय. त्या प्रिंट होत्या, निगेटिव्ह नव्हेत, हे मला समजतं. पण निगेटिव्हची काळजी तरी कोण घेतंय? १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. ते फार जुनं झालं म्हणाल. पण ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या रंगीत फिल्मचे रंगही उष्ण, दमट गोदामात उडतात, फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, आणि तो वास सुटला की वेळ थोडा उरलेला असतो. तो वास मी घेतलाय.

हे सगळं करता येत नाही, असं कुणी सांगू नये. १९७५ साली 'शोले'चा शेवट सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. मूळ निगेटिव्ह फार खराब झालेलं असतानाही इंग्लंडमधल्या गोदामात सापडलेल्या साहित्याचा आधार घेऊन तो चित्रपट मूळ शेवटासह उभा केला, आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला. पन्नास वर्षांनी. 'सत्या' १७ जानेवारी २०२५ ला पुन्हा थिएटरात लागला, पहिल्यांदा आला होता ३ जुलै १९९८ ला. तेव्हा मी पुण्याला मुलाकडे होतो, मुद्दाम गेलो. शेजारी विशी-बाविशीची पोरं बसली होती, त्यातल्या कुणीच तो पडद्यावर पाहिलेला नव्हता. गणपती विसर्जनाच्या गर्दीत सत्या भिकूला मारणाऱ्या 'भाऊ'पर्यंत पोचतो तेव्हा ती पोरं पुढं सरकून बसली. लोक बघत नाहीत, ही सबब त्या दिवशी माझ्यापुरती संपली.

आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे'. २००४ साली लोकार्नोच्या महोत्सवात दाखवला गेला, पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत न्यायालयाची स्थगिती होती, म्हणून आपल्याकडे ९ फेब्रुवारी २००७ ला प्रदर्शित झाला. त्यात पोलिस झोपडपट्टीतून एका संशयितामागे धावतात, तो पाठलाग संपता संपत नाही. धावणारे दमतात, पकडणारे दमतात, बघणारे आपणही दमतो. तो प्रसंग लांबच असायला हवा. ज्या चित्रपटानं लोकांपुढं यायला एवढी वाट पाहिली, तो यापुढं कुणाच्या सोयीसाठी एक मिनिटही कमी होऊ नये.

माझ्या मागण्या आता सरळ लिहितो.

'ए' प्रमाणपत्राचे जुने चित्रपट ओटीटीवर पूर्ण दाखवा, योग्य वयोगटाची पाटी आणि कुलूप लावून. मूळ चौकट आणि मूळ वेग ठेवा. काळ्या पट्ट्या येऊ द्या.

पूर्ण प्रत मिळतच नसेल तर तसं सांगा. ऑपरेटर मंडळींना आठवत असेल, चित्रपट कापून मंजूर झाला असेल तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर डाव्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण असायचा. खाली बसलेल्या हजारातल्या दहा लोकांनाही त्याचा अर्थ माहीत नसेल, पण तो असायचा. काय कापलं त्याची यादी प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असायची. ज्या सेन्सॉरला आपण सगळे शिव्या देतो त्यानंसुद्धा ही कबुली पडद्यावर द्यायची रीत पाळली. तुम्ही तेवढंही करत नाही. माझी मागणी आहे की तुमच्या प्रत्येक कापलेल्या चित्रपटाच्या चित्राशेजारी तो त्रिकोण दाखवा, आणि त्याखाली दोन आकडे लिहा : थिएटरात चित्रपट किती मिनिटांचा होता आणि इथे किती मिनिटांचा आहे. यासाठी कुठल्या सरकारी हुकमाची वाट बघायला नको, उद्या सकाळी करता येईल. पैसे भरून बघणाऱ्या माणसाला आपण काय विकत घेतोय हे कळायलाच हवं.

भाषांतर त्या बोलीतल्या माणसाकडून तपासून घ्या आणि भाषांतरकाराचं नाव शेवटी द्या.

ज्यांच्याकडे हक्क आहेत त्या निर्मात्यांनी आपल्या निगेटिव्हची अवस्था तपासावी आणि एक पूर्ण, न कापलेली प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवावी. १९६४ पासून ते याच कामासाठी उभं आहे. मुंबईहून तीन-चार तासांचा रस्ता आहे. निगेटिव्ह हरवलंच असेल तर तेही जाहीर करा. गावोगावी माझ्यासारखे निवृत्त ऑपरेटर आहेत, जुन्या वितरकांची गोदामं आहेत, कुणाच्या तरी घरात एखादी पेटी अजून असेल. लोक शोधतील. पण काय शोधायचं ते त्यांना कळू तर द्या.

माझ्या वहीच्या दोनशे चार पानांचे फोटो त्या पोरानं काढून दिलेत. त्यात सव्वीस वर्षांत आमच्या थिएटरात आलेल्या चित्रपटांची रिळं आणि मीटर आहेत. तुमच्यापैकी ज्याला आपल्या चित्रपटाची खरी लांबी ताडून बघायची असेल त्यानं नाव कळवावं, मी पान पाठवीन. त्याबद्दल मला काही नको. फक्त दिवाळीत अर्धवट राहिलेला तो चित्रपट त्या पोराला पूर्ण दाखवायचा आहे, तेवढी प्रत लवकर येऊ द्या.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर
इचलकरंजी, जि. कोल्हापूर